आधी घाई, मग सबुरी

शिश्नाला झालेली इजा, तिच्यावरची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर कामजीवन पुन्हा रुळावर येईपर्यंतचा काळ, हा या मननाचा विषय. ज्याच्यावर हे बेतले आहे त्याने ते वाचावे, त्याच्या जोडीदाराने वाचावे. ज्याच्यावर बेतलेले नाही त्यानेही वाचावे, कारण यातला काही भाग आधीपासून माहीत असेल तरच वेळेला उपयोगी पडतो.

बसा. खुर्चीत, गादीवर, जिथे कमरेला आधार मिळेल तिथे. ऑपरेशन नुकतेच झाले असेल तर पाठीशी उशी घ्या आणि पाय सैल ठेवा. डोळे मिटायची गरज नाही, वाचायचे आहे. एक परिच्छेद झाला की थांबा आणि एक श्वास सावकाश सोडा. घेण्याकडे लक्ष नको, तो आपसूक येतो. लक्ष सोडण्याकडे असू द्या.

आधी त्या अवयवाकडे मन न्या. काही करायचे नाही, काही तपासायचे नाही. तो आहे, एवढेच जाणवू द्या. त्याच्या आत लांबीभर, शेजारी शेजारी, दोन कप्पे आहेत. त्यांच्या खालून मूत्रमार्ग जातो. कप्पे बारीक पोकळ्यांनी भरलेले असतात आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींत स्नायू असतात. हातापायाच्या स्नायूंवर आपला हुकूम चालतो, यांच्यावर चालत नाही. ते आपल्याला न विचारता काम करतात.

आता पुढचे सावकाश वाचा. एरवी, शिश्न मऊ असते तेव्हा, हे स्नायू आवळलेले असतात. ताठरता येते तेव्हा ते सैल पडतात. मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, स्नायू ढिले होतात, पोकळ्या उघडतात आणि धमन्यांतले रक्त आत लोटते. भरलेल्या पोकळ्या बाहेरच्या आवरणाला टेकतात, मधल्या नीला चेपल्या जातात आणि आत आलेले रक्त आतच राहते. नायट्रिक ऑक्साइड रक्ताभिसरणात संदेशवाहकाचे काम करतो हे दाखवणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, अमेरिकेत मंजूर झाली. ही गोळीसुद्धा ताठरता आणत नाही. सैल पडलेले स्नायू लगेच पुन्हा आवळू नयेत, एवढेच ती पाहते.

पुरुष ज्याला आपला जोर समजतो ती आतून पाहिली तर सैल पडण्याची क्रिया आहे. भीती वाटली, जीव धास्तावला, की ॲड्रेनालिनच्या जातीची द्रव्ये तेच स्नायू आवळून घेतात. चिडून, घाबरून किंवा हट्टाने ते ढिले करता येत नाहीत. श्वास सोडा. जबडा आवळलेला असेल तर तोही सोडा.

घाईची वेळ

आता त्या आवरणाकडे या. दोन्ही कप्प्यांभोवती पांढरट, चिवट वेष्टण असते. डॉक्टर त्याला ट्युनिका अल्ब्युजिनिया म्हणतात. शिश्न मऊ असताना ते सुमारे २ मिलिमीटर जाड असते. ताठरता आली की ताणले जाऊन पाव ते अर्धा मिलिमीटर उरते. अशा वेळी शिश्न निसटून जोडीदाराच्या ओटीपोटाखालच्या हाडावर आदळले, किंवा झोपेत कूस बदलताना दुमडले, तर हे वेष्टण फाटू शकते. शिश्नात हाड नसले तरी वैद्यकात या इजेला फ्रॅक्चरच म्हणतात.

खुणा ठरलेल्या आहेत. कट्‌ असा आवाज, कळ, आणि ताठरता झटकन उतरणे. मग सूज चढते, कातडीखाली रक्त साकळते. काळेजांभळे, फुगलेले, एका अंगाला झुकलेले ते रूप पाहून डॉक्टरांच्या पुस्तकांनी त्याला वांग्याची उपमा दिली आहे. दहांतल्या एखाद्या-दुसऱ्याचा मूत्रमार्गही फाटतो. मग लघवीच्या तोंडाशी रक्त दिसते, किंवा लघवी उतरतच नाही.

तुमच्याबाबतीत हे घडले असेल तर तो क्षण आता आठवेल. आठवू द्या. त्याला चिकटून ‘मी असे का केले’ हा सवालही येईल. तो वेगळा काढून बाजूला ठेवा. पाव-अर्धा मिलिमीटरचे आवरण होते आणि कोन चुकला, एवढेच तिथे घडले. त्यात पाप नाही, शिक्षा नाही.

या दुखण्याला दोन काळ आहेत आणि दोहोंची चाल वेगळी आहे. पहिला काळ काही तासांचा, त्यात घाई हवी. दुसरा काही आठवड्यांचा, कधी महिन्यांचा, त्यात सबुरी हवी. माणूस नेमकी याची अदलाबदल करतो. घाई करायची तेव्हा लाजेपायी थांबतो, आणि थांबायचे तेव्हा काळजीपोटी घाई करतो. या मननात धरून ठेवायची गोष्ट हीच.

लाजेचे ते तास डोळ्यांपुढे आणा. मध्यरात्र उलटलेली. शेजारच्या खोलीत आई-वडील झोपलेले. सूज वाढते आहे. बर्फ लावून बघू. हळद लावू. सकाळी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणू. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नको, त्यांची बाबांशी ओळख आहे. यातला प्रत्येक विचार समजण्यासारखा आहे, आणि प्रत्येक विचारात तास जातो. फाटलेले आवरण तसेच सोडले तर ती फट व्रणाने भरते, आणि व्रण ताणला जात नाही. मग पुढे शिश्न ताठ झाले की त्या बाजूला वाकते, दुखते, हाताला गाठ लागते. काहींची ताठरता टिकत नाही. म्हणून मूत्ररोगतज्ज्ञ आज वाट पाहत बसण्याऐवजी लवकर शस्त्रक्रिया करावी म्हणतात, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत. मात्र दोन-चार दिवस गेले म्हणून आता जाऊन काय उपयोग, असे समजू नये. उशिरा आलेल्यांचीही दुरुस्ती होते.

कॅज्युअल्टीत काय बोलायचे, ते इथेच ठरवून ठेवा. ‘संबंधाच्या वेळी लिंगाला मार बसला. आवाज आला. लगेच ताठरता गेली आणि सूज आली.’ मनात एकदा म्हणा. पुन्हा एकदा म्हणा, घाई न करता. टेबलापलीकडच्या डॉक्टरांना एवढे पुरते. निदान बहुधा या बोलण्यावर आणि तपासणीवरच होते. शंका असली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. लघवीतून रक्त गेले असेल तर तेही सांगा. घरून निघताना काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागण्याचा संभव असतो.

दुसऱ्या इजांनाही हाच नियम आहे. मळणी यंत्राच्या किंवा इंजिनाच्या पट्ट्यात धोतर, लुंगी, पायजमा अडकून शिश्नाची आणि वृषणांची कातडी सोलून निघते, हे शेतीच्या भागातल्या सर्जनना ठाऊक असते. दिसायला ते भयंकर असते, पण आतले कप्पे अनेकदा शाबूत असतात आणि मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावता येते. अवयव तुटून वेगळा झाला असेल तर तुटलेला भाग सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. भाग थेट बर्फावर ठेवू नये. सूक्ष्मदर्शकाखाली धमन्या, नीला आणि मज्जातंतू जोडून असे पुनर्रोपण करता येते.

थांबा. एक श्वास सोडा. घाईचा भाग इथे संपला.

टेबलावर

ऑपरेशनच्या वेळी तुम्ही कमरेखाली बधिर होता किंवा पूर्ण भुलीखाली होता. समोर पडदा होता. जे तुम्ही पाहिले नाही ते आता मनाने पाहा.

शिश्नाच्या टोकाखाली गोलाकार छेद घेतला जातो आणि कातडी मुळापर्यंत मागे सारली जाते. साकळलेले रक्त धुऊन काढले जाते. मग ती फट दिसते. बहुधा आडवी, एक-दोन सेंटिमीटरची, बहुतेक वेळा एकाच कप्प्याला. तिच्या कडा साफ करून विरघळणाऱ्या धाग्याने टाके घातले जातात. मूत्रमार्ग फाटला असेल तर लघवीची नळी आत ठेवून तोही शिवतात.

कातडी परत वर घेण्याआधी अनेक सर्जन एक चाचणी करतात. शिश्नाच्या मुळाशी रबराची नळी आवळतात आणि बारीक सुईने कप्प्यात सलाइन सोडतात. शिश्न टेबलावर ताठ होते. तिथे इच्छा नसते, कल्पना नसते, लाज नसते. मिठाचे पाणी आणि शाबूत आवरण, बस. सर्जन बघतात, टाक्यांतून गळते आहे का? सरळ आहे का? कुठे झुकते आहे का? सगळे ठीक असले की रबर सोडतात, पाणी उतरते, कातडी जागेवर येते.

या दृश्यापाशी थोडे रेंगाळा. सर्जनच्या हातात जे होते ते त्यांनी करून, तपासूनही पाहिले. भिंत धरते आहे. आता पाण्याच्या जागी रक्त आणायचे काम तुमच्या शरीराचे, आणि ते करताना हुकूम चालत नाही हे आपण आधीच पाहिले.

ज्याला या इजेने हात लावला नाही तेही मोजून घ्या. वृषण वेगळे, त्यांचे काम चालू आहे, शुक्रजंतू तयार होताहेत. इच्छा मेंदूतली. स्पर्शाचे मज्जातंतू वरच्या अंगाने जातात, फट बहुधा खाली किंवा बाजूला असते, आणि सर्जन ते जपून काम करतात. मुले होतील का, ही पहिल्या रात्रीची धास्ती फ्रॅक्चरच्या रुग्णाला बहुतेक वेळा विनाकारण छळते.

रात्री

मूत्रमार्ग शाबूत असेल तर लघवीची नळी एक-दोन दिवसांत निघते, तो शिवला असेल तर दोन-तीन आठवडे राहते. संबंध आणि हस्तमैथुन साधारण चार ते सहा आठवडे बंद. नेमकी मुदत तुमचे सर्जन सांगतील, आणि ती पाळायची.

पण शरीराला ही मुदत कुणी कळवलेली नसते. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. तिचा इच्छेशी फारसा संबंध नाही. ऑपरेशननंतरही ती येते आणि टाक्यांवर ताण पडून दुखते. माणूस दचकून उठतो, टाका तुटला का? साधारणपणे तुटत नाही. उलट मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या आपले काम करताहेत याचा हा पुरावा असतो, तोही कुणी न मागता मिळालेला.

त्या वेळी एकच गोष्ट करायची नाही. हाताने दाबून, वाकवून ते खाली बसवायचे नाही. इराणमधल्या केरमानशाह भागात ताठ शिश्न हाताने मोडल्यासारखे वाकवून उतरवण्याची सवय आहे. ‘तकांदन’ म्हणतात तिला. तिथले मूत्ररोगतज्ज्ञ जवाद जरगूशी यांनी २००० साली तिथल्या १७२ फ्रॅक्चरांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यांतल्या बहुसंख्यांच्या मुळाशी हीच सवय होती. तेव्हा उठून बसा, लघवीला जा, खोलीत चार पावले चाला. ताठरता उतरते. रोज झोपमोड होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर काही डॉक्टर औषध देतात. ताप आला, पू दिसला, सूज एकाएकी वाढली किंवा लघवी अडली, तर सबुरीचा नियम तिथल्या तिथे संपतो. लगेच हॉस्पिटल गाठायचे.

मग तिसरा-चौथा आठवडा येतो. दुखणे कमी झालेले असते. मनात येते, चालते का बघू या. यातच दुसऱ्या काळातली घाई आहे. परीक्षा घ्यायला बसलेला माणूस स्वतःकडे टक लावून पाहतो, आणि असे पाहिले जात असताना सैल कोण पडेल? एकदा जमले नाही की दुसऱ्या वेळी भीती आधी येऊन बसलेली असते. आवरण धडधाकट, रक्तवाहिन्या धडधाकट, आणि तरी ताठरता नाही. कारण ते स्नायू धास्तीने आवळलेले.

आता थोडा वेळ हे करा. हात पोटावर ठेवा. श्वास सोडताना खांदे खाली येऊ द्या, मग पोट, मग मांड्यांची आतली बाजू, मग लघवी रोखताना आवळतो ते स्नायू. एकेका श्वासाला एकेक जागा. सगळीकडून झाले की मनात एवढेच म्हणा, आज काही सिद्ध करायचे नाही. मन म्हणेल, मग कधी? त्याला उत्तर देऊ नका. पुढचा श्वास सोडा.

शरीराला किती वेळ लागतो याचे अंदाज मोठमोठ्यांचेही चुकतात. केपटाउनच्या टायगरबर्ग हॉस्पिटलमध्ये ११ डिसेंबर २०१४ रोजी आंद्रे व्हान डर मर्व्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ तासांची शस्त्रक्रिया करून २१ वर्षांच्या तरुणाला मृत दात्याचे शिश्न बसवले. पारंपरिक सुंता बिघडल्यामुळे तीन वर्षांपूर्वी त्याने आपले शिश्न गमावले होते. सगळे कार्य परत यायला दोन वर्षे लागतील असे डॉक्टरांनी धरले होते. तीन-एक महिन्यांतच ते आले. याच्या उलट उदाहरण चीनमधल्या ग्वांगझूचे, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले. तिथेही रोपण जमले होते, रक्त खेळत होते. पण त्या पुरुषाला आणि त्याच्या पत्नीला मनाने ते पेलवले नाही आणि दोन आठवड्यांतच तो अवयव काढून टाकावा लागला. तुमची इजा या दोघांच्या मानाने फार लहान असेल. तरी हिशेब तोच आहे, रक्त पोहोचले म्हणजे माणूस पोहोचला असे नव्हे. आणि जिथे मज्जातंतू तुटलेले असतात तिथे तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. त्यांना कितीही हाकला, वेग तोच.

दोघे

आता जोडीदाराला मनापुढे आणा. त्या रात्री ती तिथेच होती. आवाज तिनेही ऐकला. त्यानंतर ड्रेसिंग, औषधे, सासूबाईंना काय सांगायचे, ऑफिसात काय कळवायचे, हे सगळे तिने निभावले असेल. एक प्रश्न मात्र तिने विचारलेला नसेल. ‘माझ्यामुळे झालं का हो हे?’

तिने विचारायची वाट पाहू नका. ‘तुझ्यामुळे नाही झालं गं. कुणामुळेच नाही.’ हे वाक्य मनात म्हणून पाहा. जड जाते का? मग रोज एकदा म्हणा, तोंडून निघेपर्यंत. तुम्ही जोडीदार असाल आणि हे वाचत असाल, तर तुमच्याकडूनही एक वाक्य लागेल. ‘मला घाई नाही.’ बऱ्याच जोडप्यांत तो तिला त्रास नको म्हणून दूर झोपतो आणि ती त्याला त्रास नको म्हणून दूर झोपते. सहा आठवडे संबंध बंद असले तरी हात हातात घेणे, पाठीवरून हात फिरवणे, जवळ झोपणे बंद नसते. मुदत संपल्यावरही पहिल्या काही वेळा संबंधापर्यंत जायचेच असे ठरवून जवळ येऊ नका. पुढे जाल तेव्हा वेग कमी, कोन सावध, आणि निसटले तर तिथेच थांबायचे, हे आधी बोलून ठेवा. बोलून ठेवले की टक लावून पाहणारा तो परीक्षक निम्मा तरी गप्प बसतो.

विचारायचे ते

वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांचे कामजीवन पूर्ववत होते. सगळ्यांचे होत नाही. काहींना थोडा बाक राहतो, काहींना गाठ, काहींना ताठरतेची अडचण. सबुरी म्हणजे त्यावर गप्प बसणे नव्हे. गोळ्या आहेत, पण हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने त्या घ्यायच्या नसतात, म्हणून मित्राच्या सल्ल्याने आणू नयेत. शिश्नात द्यायची इंजेक्शने आहेत, व्हॅक्यूम पंप आहे, बाक काढण्याची शस्त्रक्रिया आहे. काहीच लागू पडले नाही तर कप्प्यांत बसवायचे रोपण आहे. पाणी भरून ताठ होणारे रोपण ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पुढे आणले, आणि मुंबईचे मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. रूपिन शहा यांनी कमी खर्चाचे अर्धताठर भारतीय रोपण तयार केले. अशा रोपणानंतर सहसा स्पर्शाचे आणि कामतृप्तीचे सुख राहते.

यातले काय तुम्हाला लागेल, किंवा काहीच लागणार नाही, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. असे प्रश्न विचारणे मराठी माणसाला नवे नाही. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, पण १९२७ मध्ये सुरू केलेले त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९५३ पर्यंत निघत राहिले. लोकांनी प्रश्न पाठवले म्हणूनच उत्तरे छापली गेली. तुम्हाला तर ते बंद दाराआड, तुमच्याच सर्जनना विचारायचे आहेत.

शेवटचा श्वास सावकाश सोडा आणि कागद घ्या. संबंध नेमके कोणत्या तारखेपासून? झोपेतली ताठरता पूर्वीसारखी येते आहे किंवा येत नाही, त्याचा अर्थ काय? बाक दिसला तर किती दिवस थांबायचे आणि कधी दाखवायचे? मूत्रमार्ग शिवला असेल तर लघवीची धार पुन्हा कधी तपासायची? आणि जे तुमचे तुम्हालाच लिहायला अवघड वाटते आहे, ते सगळ्यात वर लिहा. कागद फाइलीत ठेवा, आणि पुढच्या तपासणीला दोघे मिळून जा.